डावीकडून एक

मी, वर नाव नोंदवलेली, वय एकाहत्तर, धंदा निवृत्त (पूर्वी शस्त्रक्रियागृहात मुख्य परिचारिका), राहणार मुलाच्या घरी, पाण्याच्या टाकीसमोरची इमारत, चौथा मजला, समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून, आणि काही ठिकाणी न विचारताही, सांगते की:

धंदा या रकान्यात लिहून घेणाऱ्या हवालदारांनी माझ्याकडे एकदा बघून 'घरकाम' असे लिहिले होते. ते खोडायला लावले आहे. घरकाम मला कधी नीट जमले नाही, हे माझी सून शपथेवर सांगेल.

वरील पत्त्यावर मी मुलगा, सून व नातू यांच्यासह राहते. मुलगा एका कारखान्यात खरेदीचे काम बघतो. गाडी त्याच्या नावावर आहे. तीच गाडी सध्या आपल्या ठाण्याच्या आवारात नळाशेजारी उभी आहे आणि कोणीतरी तिच्या टपावर ओले फडके वाळत घातले आहे.

अपघाताच्या दिवशी मुलाने इथे जबाब दिला. तो मी वाचलेला नाही, पण त्याने जेवताना दोनदा सांगितला, दोन्ही वेळा सारखाच. त्यात असे आहे की आमची गाडी जागच्या जागी उभी होती, मोटारसायकल दोन लेनच्या मधून भरधाव आली, आमच्या गाडीला घासली आणि चालवणाऱ्याचा तोल जाऊन त्याचा पाय शेजारच्या बसखाली गेला. मी मागच्या सीटवर होते आणि माझा डोळा लागला होता, असेही त्यात आहे. यातली बस तेवढी खरी आहे.

मोटारसायकलवाल्यांविषयी माझे मत या ठाण्याला ठाऊक आहे. दोन लेनच्या मधल्या जागेतून मोटारसायकली घालण्याविरुद्ध मी इथे वेळोवेळी अर्ज दिले आहेत. आज मी आत आले तेव्हा टेबलामागचे शिपाई शेजाऱ्याला हळूच म्हणाले, "रांगवाल्या आजी आल्या." मला इथे या नावाने ओळखतात हे आजच कळले. माझे कान चांगले आहेत, तेही नोंदवावे. पुढे उपयोगी पडेल.

रांगेचे मला वेड आहे असे घरचे म्हणतात. मी नन्सच्या शाळेत शिकले. तिथे व्हरांड्यातून चालायचे ते भिंतीच्या कडेने, एकामागे एक. मधून पुढे घुसणाऱ्या मुलीला पुन्हा शेवटी उभे करत, मग ती कोणाचीही मुलगी असो. आम्ही कोणी त्यामुळे मेलो नाही. बाहेरच्या जगात वेगळे नियम चालतात हे मला नोकरीला लागल्यावर कळले. पटले मात्र अजून नाही.

निवृत्तीनंतर दुसऱ्याच वर्षी मी बसमधून उतरत असताना बस आणि फुटपाथ यांच्या मधून एक मोटारसायकल आली आणि माझे मनगट मोडले. त्यात अजून धातूची पट्टी आहे, थंडीत दुखते. चालवणारा थांबला, हेल्मेटची काच वर करून म्हणाला, "बघून उतरायचं ना, आजी," आणि निघून गेला. त्यानंतर मी चौकशीसाठी वाहतूक कचेरीत गेले होते. तिथल्या साहेबांना सरळ विचारले, "दोन लेनच्या मधून जायला परवानगी आहे का?"

ते म्हणाले, "परवानगी अशी नाही."

"म्हणजे मनाई आहे."

"मनाई आहे असंही नाही. धोकादायक चालवलं तर गुन्हा. गाड्या उभ्या असतील आणि हा हळू जात असेल, तर मग परिस्थिती बघावी लागते."

"परिस्थिती कोण बघतं?"

"घडल्यावर आम्ही," असे ते म्हणाले आणि चहा मागवला. स्वतःपुरता.

हे सगळे सांगण्याचे कारण असे की पुढे मी जे सांगणार आहे त्यावरून माझे मत बदलले असा कोणी समज करून घेऊ नये. मधून मोटारसायकल घालणे चूकच आहे. लिहून घेणारे हवालदार स्वतः मोटारसायकलने येतात, त्यांचे हेल्मेट आत्ता कपाटावर आहे. मी त्यांना विचारले, "तुम्हीही मधूनच येता का?" ते म्हणाले, "यावं लागतं, मॅडम. रांगेतून आलो तर इथं जेवायच्या वेळेला पोचेन." त्यांनाही मी चूकच म्हणते.

अपघाताच्या दिवशी मुलाने अर्धी रजा काढून मला बँकेत नेले होते. पेन्शन चालू राहावी म्हणून वर्षातून एकदा मी जिवंत असल्याचे तिथे जाऊन सिद्ध करावे लागते. ते सिद्ध करून आम्ही परत निघालो. मुलगा गाडी चालवत होता. सून त्याच्या शेजारी पुढे बसली होती. मी मागे, डाव्या बाजूला होते. पुलाच्या अलीकडे, जिथे रस्ता तीन लेनचा आहे, तिथे रहदारी तुंबली होती. आम्ही मधल्या लेनमध्ये होतो. आमच्या डावीकडे प्रवाशांनी भरलेली बस होती, तिचे तोंड आमच्या जरासे पुढे, मागचा भाग आमच्याही मागे.

आता गाडीतल्या एका पद्धतीविषयी सांगते, कारण त्याशिवाय पुढचे समजणार नाही. मोटारसायकलींच्या हँडलने आमच्या गाडीचा डावा आरसा एकदा फुटला आणि एकदा निखळला. तेव्हापासून तुंबलेल्या रस्त्यात मुलगा तो आरसा मिटूनच ठेवतो. मग डावीकडून काय येते ते त्याला दिसत नाही. ते मागच्या काचेतून बघून सांगण्याचे काम माझ्याकडे आले. नातू मला 'मागचा आरसा' म्हणतो. मी वळून बसते आणि सांगते, "डावीकडून एक" किंवा "डावीकडून दोन."

सुरुवातीला हे गाडी वाचवण्यासाठी होते. पुढे त्याला वेगळे वळण लागले. मी सांगितले की मुलगा गाडी थोडी डावीकडे घ्यायचा, पुढचे डावे चाक पांढऱ्या पट्टीवर आणायचा, म्हणजे मधली जागा बंद. मागे मोटारसायकलवाला हॉर्न वाजवत अडकून पडायचा. आम्ही बघायचो. सून म्हणायची, "बसू दे आता हवा खात." कधी जागा पुरती बंद झाली नाही तर मी मागून म्हणायचे, "अजून सरक." हे आमच्या गाडीत बरेच दिवस चालू होते. घरात आमच्या तिघांचे एकमत होणारी दुसरी गोष्ट मला आठवत नाही.

त्या दिवशी मी नेहमीप्रमाणे वळून बसले होते. माझा डोळा लागलेला नव्हता. बस आणि आमच्या मागच्या गाड्या यांच्या मधून एक मोटारसायकल येताना मला दिसली. ती भरधाव नव्हती. चालवणाऱ्याचे दोन्ही पाय खाली होते आणि तो ते जमिनीला घासत, चालत्या माणसाच्या गतीने येत होता. हेल्मेटची काच वर होती. पन्नाशीचा माणूस, मिशी पांढरी होत आलेली, पाठीवर हत्यारांची पिशवी. आमच्या गाडीच्या मागच्या टोकाशी आल्यावर त्याला मी दिसले. त्याने मान किंचित झुकवली. जिन्यात समोरच्याकडे वाट मागताना आपण झुकवतो तशी.

ती मान मला स्पष्ट दिसली. त्यानंतर मी म्हणाले, "डावीकडून एक. सरक."

मुलाने चाक डावीकडे फिरवले आणि गाडी पुढे घेतली. "थांब आता तिथंच, राजा," असे तो म्हणाला. मी हसले. हवालदारांचे म्हणणे असे की हसल्याचे लिहिण्याची गरज नाही. मला गरज आहे.

मोटारसायकल तोपर्यंत आमच्या पुढच्या दाराशी आली होती. गाडीने तिला डावीकडे दाबले. चालवणारा बसच्या बाजूला कलला आणि सावरायला त्याने डावा पाय बाहेर टाकला. त्याच क्षणी पुढची रहदारी सुटली आणि बस हलली. बसच्या चालकाला तो दिसण्याचे काही कारण नव्हते. त्याच्याविरुद्ध काही नोंदवले असेल तर ते काढून टाकावे. बसचे मागचे चाक पायावरून, गुडघ्याच्या खालून गेले.

आवाजाबद्दल हवालदारांनी विचारले. आवाज झाला.

मी दार उघडून खाली उतरले. मुलगा म्हणाला, "मम्मी, आत बस, लोक जमतील." लोक जमलेच होते आणि सगळे उभे होते. मी खाली बसून पाय बघितला. असे पाय मी टेबलावर पाहिले आहेत, धुतलेले, दिव्याखाली, शेजारी सर्जन असताना. रक्त थांबवायला काही बांधणे भाग होते. मी मुलाला म्हणाले, "बेल्ट काढ."

"कसला बेल्ट?"

"कमरेचा."

तो स्टिअरिंग धरून बसला होता. त्याने बेल्ट काढून खिडकीतून दिला. मी तो मांडीला बांधला आणि आवळला. तो माणूस शुद्धीवर होता. "पिशवी बघा हो, पिशवीत पाने आहेत माझे," असे दोनदा म्हणाला. नंतर मला म्हणाला, "सॉरी हं, ताई." त्याने हे का म्हटले ते मला तेव्हा कळले नाही. नंतरही विचारले नाही. रुग्णवाहिका येईपर्यंत मी तिथेच बसून होते.

घरी आल्यावर काय झाले ते सांगणे आवश्यक आहे का, असे मी विचारले. हवालदार म्हणाले, आवश्यक नाही. तरी सांगते.

त्या संध्याकाळी मुलगा म्हणाला, "तो मधून आला. मधून येणं चूक, हे तूच आयुष्यभर सांगत आलीस. मग आता काय?"

मी म्हणाले, "तू गाडी सरकवलीस."

"मला कुठं दिसत होता तो? आरसा मिटलेला होता. हे पोलिसांनीही बघितलंय."

"मी सांगितलं ना तुला."

"तेच म्हणतोय मी. तू सांगितलंस हे तू सोडून कोण सांगणार आहे?"

यात त्याने खोटे काही म्हटले नाही. आरसा मिटलेला होता हे खरे आहे. त्याला दिसले नाही हे खरे आहे. त्याला ऐकू आले होते. माणूस शेजारी आहे हे माहीत असताना गाडी त्याच्यावर घातली, एवढे सिद्ध करायला माझ्या दोन शब्दांशिवाय जगात दुसरे काही नाही.

सून समजूतदार आहे. ती म्हणाली, "मम्मी, तुम्ही त्याचा जीव वाचवलात. डॉक्टरही म्हणाले ना, बेल्ट नसता तर गेला असता. मग फिटलं की."

मी म्हणाले, "पाय कुठं आहे?"

ती म्हणाली, "हे तुमचं नेहमीचं. एक धरलं की सोडत नाही."

मुलगा मग दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी बोलला. "माझ्यावर गुन्हा लागला तर नोकरी जाईल, कळतंय का तुला? आणि तू म्हणालीस सरक, मी सरकलो. तुझं ऐकलं. आईचं ऐकलं म्हणून आत जायचं का मी?" लहान असताना खोडी काढून आला की तो याच आवाजात बोलायचा. तेव्हा मला हसू यायचे.

काल मी रुग्णालयात गेले. कोणाला सांगून गेले नाही. त्या माणसाला गुंगी दिलेली होती, म्हणून मला बाहेर त्याची बायको भेटली. ती पडदे शिवते. मी कोणाची कोण हे तिला माहीत नव्हते. तिने विचारले तेव्हा मी म्हणाले, "बेल्ट बांधला ती." तिने माझे दोन्ही हात धरले आणि मला तिच्या जागेवर बसवले, कारण बाकावर एकच जागा होती.

ती म्हणाली, पाय गुडघ्याखाली काढावा लागला. तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. लिफ्टच्या टपावर उभे राहून काम असते, खाली सगळी पोकळी. "ते आता नाही जमायचं," असे ती म्हणाली. मी तिला विचारले, "ते घाईत होते का? कोणी लिफ्टमध्ये अडकलं होतं का?"

"नाही हो. घरीच येत होते. त्या दिवशी काम लवकर संपलं."

"गाडी जोरात चालवतात का?"

"कसलं जोरात, ताई. ती गाडी जरा पळवली की खोकते. मीच म्हणते, तुमच्यापेक्षा भाजीवाला लवकर येतो."

पुढे ती म्हणाली की पोलीस येऊन गेले आणि त्यांनी नवऱ्याचा जबाब घेतला. नवऱ्याने सांगितले, चूक माझीच, मीच मधून गेलो. पोलिसांनी तसेच लिहून घेतले आणि त्याच्यावरच गुन्हा लागेल असे सांगितले. "चूक आहे तर आहे," ती म्हणाली. "पण तुमच्यासारखी माणसं असतात म्हणून चाललंय." नंतर तिने पिशवीतून बेल्ट काढून दिला. तो धुतलेला, पुसलेला आणि गुंडाळलेला होता. "हे सांगत होते, तुमच्या मुलाचा ना? चांगल्या कातड्याचा आहे. पाण्यानं जरा कडक झालाय, तेल लावा."

मी तिला काही सांगितले नाही. बेल्ट घेतला आणि आभार मानले. तो बेल्ट या जबाबासोबत हजर करत आहे. मुलाने तो परत मागितलेला नाही.

याउपर माझे म्हणणे असे की त्या माणसाने स्वतःविरुद्ध दिलेला जबाब अर्धाच आहे, कारण उरलेला अर्धा त्याला माहीतच नाही. त्याला वाटते की गाडीवाल्याने त्याला पाहिले नाही. मधून गेल्याबद्दल त्याला जो काही दंड असेल तो करावा. तो मी कमी करायला सांगत नाही. माझे आधीचे अर्जही मागे घेत नाही. त्या सगळ्या अर्जांत मी दंड करा, लायसन काढून घ्या, रांगेच्या शेवटी उभे करा, असे लिहिले आहे. पाय घ्या असे एकाही अर्जात लिहिलेले नाही.

मुलावर जे कलम लागत असेल ते लावावे आणि माझ्यावरही लावावे, अशी मी मागणी केली. हवालदार म्हणाले, साक्षीदाराच्या जबाबात तशी सोय नसते, ते साहेब ठरवतील. मी म्हणाले, मग साहेबांना बोलवा. साहेब आले. त्यांनी इथपर्यंतचा मजकूर उभ्यानेच वाचला आणि खुर्ची ओढून बसले. म्हणाले, "आजी, मुलगा बाहेर बसलाय. तोच तुम्हाला घेऊन आलाय ना?"

मी म्हणाले, "हो. टॅक्सी केली त्याने."

"त्याला काय वाटतंय, तुम्ही काय सांगताय म्हणून?"

"डोळा लागला होता असं."

"घरी जाऊन एकदा विचार करा. उद्या या. हे पान मी बाजूला ठेवतो. अजून कुठं सही झालीय."

मी म्हणाले, "घरी मला फार चांगलं वागवतात, साहेब. उद्या मी येणार नाही."

त्यांनी मला पुन्हा आजी म्हटले नाही.

हा मजकूर चालू असताना मुलगा एकदा दारात आला. "झालं का, मम्मी? पाणी आणू?" असे त्याने विचारले. त्याने दुसरा बेल्ट घातलेला आहे. मी म्हणाले, "वाचून दाखवायचं राहिलंय. बस बाहेर." तो दाराला लागून असलेल्या बाकावर जाऊन बसला. इथून त्याचे गुडघे दिसतात.

मला जे सांगायचे ते मी इथे सांगितले आहे. मुलाला ते स्वतंत्रपणे सांगणे मला जमणार नाही, म्हणून हा जबाब दार उघडे ठेवून, बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात वाचावा, अशी मी विनंती केली. साहेबांनी ती मान्य केली.

त्याप्रमाणे हवालदारांनी वरील मजकूर पहिल्या ओळीपासून वाचून दाखवला. मी तो चष्मा काढून ऐकला. 'सरक' या शब्दापाशी त्यांचा आवाज खाली आला, म्हणून तेवढे वाक्य पुन्हा, मोठ्याने वाचायला लावले. मजकूर मी सांगितला तसाच आहे. बरोबर आहे.